रात्री तीन वाजता रूट तुमच्या हातात देता येईल का?

प्रश्न विचारणाऱ्याने स्वतःबद्दल थोडक्यात सांगितलंय: वय २४, बीएस्सी आयटी, पुण्यात क्लास केला, दोन वर्षं एल-वन मॉनिटरिंगला, म्हणजे सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या पहिल्या फळीत आहे. काम म्हणजे अलर्ट आला की तिकीट काढायचं आणि एल-टूकडे, म्हणजे दुसऱ्या फळीकडे सरकवायचं. लिनक्स ॲडमिनच्या तीन इंटरव्ह्यूंत नापास झाला, तिन्ही वेळा दुसऱ्या राउंडला. दोनशे प्रश्नोत्तरांची एक पीडीएफ तोंडपाठ आहे. पंधरा दिवसांनी चौथा इंटरव्ह्यू आहे, आणि विचारतोय की अजून कुठले प्रश्न पाठ करू.

आता एकही करू नका. पहिला राउंड तुम्ही दर वेळी पार करताय. म्हणजे हार्ड लिंक आणि सॉफ्ट लिंकमधला फरक, आयनोड म्हणजे काय, झॉम्बी प्रोसेस कशाला म्हणतात, हे सगळं तुम्हाला येतंय. पीडीएफचं काम तिथे संपलं. दुसऱ्या राउंडला माझ्यासारखा कोणीतरी बसलेला असतो, आणि त्याच्याकडे तुमच्याइतकेच पाठ असलेले दहा जण येऊन गेलेले असतात. व्याख्या ऐकून ऐकून तो कंटाळलेला असतो.

मी सतरा वर्षं हे काम करतोय, त्यातली शेवटची आठ-नऊ वर्षं इंटरव्ह्यू घेण्याचं कामही गळ्यात पडलंय. टेबलाच्या या बाजूला बसल्यावर माझ्या डोक्यात एकच हिशेब चालू असतो: या माणसाला रात्री तीन वाजता प्रॉडक्शन मशीनचा, म्हणजे ग्राहकांचं खरं काम चालतं त्या मशीनचा, रूट (सगळे अधिकार असलेलं खातं) देऊन मी घरी झोपू शकतो का? बाकीचे सगळे प्रश्न हाच एक प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत असतो. कमांड मॅन पेजमध्ये (मशीनमधल्याच मदतपानात) सापडते, घाईत चुकीच्या ठिकाणी मारलेली कमांड मात्र परत घेता येत नाही.

नोकरी कुठली आहे यावर बरंच अवलंबून आहे, आणि ते तुम्ही सांगितलेलं नाही. मोठ्या सर्व्हिस कंपनीत परदेशी ग्राहकाचे सर्व्हर सांभाळायचे असतील तर चेंज विंडो, अप्रूव्हल, पॅचिंग, रोलबॅक यांवर प्रश्न येतील. बँकेच्या किंवा सरकारी डेटा सेंटरमध्ये रेड हॅट, आणि एलव्हीएम, सॅनची लन, मल्टिपाथ असं डिस्क-स्टोरेजचं सगळं. होस्टिंग कंपनीत मेल आणि डीएनएस. स्टार्टअपमध्ये अर्धा वेळ क्लाउड आणि स्क्रिप्टिंग. एचआरला आजच फोन करून तीन गोष्टी विचारा: सर्व्हर किती, डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार, कुठली, मशीन स्वतःच्या डेटा सेंटरमध्ये की क्लाउडवर. असं विचारल्याने कोणी नाराज होत नाही, आणि पंधरा दिवस कुठे घालवायचे ते कळतं. पुढे सांगतोय ते मात्र मी सगळीकडेच विचारलं जाताना पाहिलंय.

कमांडची नावं आपण तोंडाने बोलतो तशीच लिहितो. इंटरव्ह्यूतही तुम्हाला त्या बोलूनच सांगायच्या आहेत.

माझा आवडता प्रश्न अगदी साधा आहे, डिस्कच्या ज्या भागात लॉग वगैरे साठतात त्या व्हारबद्दल. 'व्हार पार्टिशन १०० टक्के भरलंय, अलर्ट आलाय, काय कराल?' दहातले सात जण अर्ध्या सेकंदात म्हणतात, 'सर, जुने लॉग डिलीट करीन.' त्या क्षणी माझी झोप उडालेली असते. कुठले लॉग? किती जुने? ऑडिटला लागणारे असले तर? आणि मुळात लॉगनेच भरलंय हे कुणी सांगितलं?

दोन-तीन वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती, एका छोट्या होस्टिंग कंपनीतून, दीड वर्षाचा अनुभव. हाच प्रश्न. तिने उलट मलाच विचारलं, 'सर, त्या मशीनवर चालतं काय?'

'जावाचं एक ॲप्लिकेशन.'

'ग्राहकांना त्रास सुरू झालाय, की नुसता अलर्ट आहे?'

इथेच तिचे निम्मे मार्क झाले होते. मग म्हणाली, डीएफने जागा बघीन, डीएफ मायनस आयने आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदी, बघीन, आणि मग डीयूने कुठली डिरेक्टरी फुगलीय ते एकेक पायरी खाली उतरत शोधीन. मी खोडा घातला: 'डीएफ म्हणतोय ५० जीबी वापरलंय. डीयूची बेरीज येते १२ जीबी. आता?'

ती थांबली. चांगली पंधरा-वीस सेकंद गप्प होती. मग म्हणाली, 'म्हणजे ३८ जीबी आहे, पण त्याला नाव नाही. कुणीतरी फाइल उडवली असेल आणि प्रोसेसने ती अजून उघडी धरली असेल. उघड्या फाइली दाखवणाऱ्या एलएसओएफने दिसेल. ऑप्शन आत्ता आठवत नाही, मॅन पेज बघीन. नाहीतर डिलीटेड हा शब्द ग्रेपने शोधला तरी सापडेल.'

तिला आम्ही घेतलं. तो ऑप्शन प्लस एल वन आहे, पण तो न आठवल्याचं मला काडीचं वाटलं नाही. 'त्याला नाव नाही' हे तीन शब्द मी इतकी वर्षं ऐकायला बसलो होतो. डिरेक्टरीत असतं ते फक्त नाव, डेटा आयनोडला चिकटलेला. फाइल उडवणाऱ्या आरएमने नाव जातं. ती फाइल उघडून बसलेली शेवटची प्रोसेस तिला सोडत नाही तोवर डेटाची जागा मोकळी होत नाही. डीयू नावांवरून चालत जातं, डीएफ फाइलसिस्टिमलाच विचारतं, म्हणून दोघांचे आकडे जुळत नाहीत. ही व्याख्या तुमच्या पीडीएफमध्येही असेल. फरक एवढाच, की तिने ती वापरली.

यापुढे अजून एक पायरी असते आणि ती मी हमखास विचारतो: सापडली प्रोसेस, आता काय? 'किल मायनस नाइन', म्हणजे प्रोसेस जागच्या जागी मारतो, म्हणालात तर खेळ संपला. ॲप रीस्टार्ट करता येत असेल तर कुणाला विचारून, कधी, हे सांगा. रीस्टार्ट करायची परवानगीच नसेल तर प्रॉकमध्ये त्या प्रोसेसच्या एफडी डिरेक्टरीत ती उघडी फाइल दिसते, तिथून ती शून्यावर आणता येते. जागा लगेच सुटते. त्यातही एक मेख आहे. ॲपने फाइल अपेंड मोडमध्ये उघडलेली नसेल तर ते जुन्याच ऑफसेटपासून पुढे लिहीत राहतं. मग फाइलचा आकार प्रचंड दिसतो, डिस्कवर जागा मात्र थोडीच खाल्लेली असते. एवढं सांगणारा वर्षाला एखादा भेटतो. नाही सांगितलंत तरी चालेल, पण घरी करून पाहिलं असेल तर आपोआप तोंडात येतं.

डीएफ आणि डीयूचा मेळ न बसण्याचं आणखी एक कारण असतं: माउंट पॉइंटच्या खाली दडलेल्या फाइली. डिस्क माउंट व्हायच्या आधी कुणीतरी त्या डिरेक्टरीत लिहिलं, मग वर डिस्क बसली, आणि खालचं दिसेनासं झालं. कधी जागा भरपूर असते पण आयनोड संपलेले असतात. ईएक्सटीफोर या फाइलसिस्टिमवर लाखो बारीक सेशन फाइली साठल्या की हे होतं. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम गरजेप्रमाणे आयनोड तयार करत जाते, म्हणून तिथे क्वचित. आणि ईएक्सटीफोर डीफॉल्टने पाच टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. त्यामुळे ॲप 'जागा नाही' म्हणून रडतंय आणि रूटने टच केलं की फाइल बनतेय, असा चमत्कार दिसतो.

हा प्रश्न माझा आवडता का, तर मीच यात एकदा सपशेल पडलोय. पहिल्या नोकरीचं दुसरं वर्ष, रात्रपाळी, एकटा. डिस्क १०० टक्के. मी चाळीस जीबीचा एक लॉग पाहिला आणि उडवला. डीएफ मारलं, आकडा हलेना. घाम फुटला. मग वाटलं, अजून काही उडवायला हवं. शेजारच्या डिरेक्टरीतलं जुनं वाटणारं काहीबाही उडवत गेलो. आकडा थोडा थोडा खाली येत होता, मला हुरूप येत होता. सकाळी सीनियर आले, चहाचा कप हातात तसाच धरून त्यांनी हिस्टरी कमांड मारली, आणि वर न बघता विचारलं, 'फाइल कुणाकडे उघडी होती ते पाहिलंस?' नव्हतं पाहिलं. जुनं वाटणारं जे उडवलं होतं त्यात त्या महिन्याचे बिलिंगचे एक्सपोर्ट होते. ते बॅकअपमधून परत आणायला दुपार झाली. आले, हे नशीब.

दुसरा हमखास प्रश्न: 'सर्व्हर स्लो झालाय.' एवढंच. पुढचं तुम्ही बोलायचं. इथे पाठांतरवाले टॉप, व्हीएमस्टॅट, आयओस्टॅट, सार, एनटॉप अशी कमांडची जपमाळ ओढतात. मला माळ नको. पहिला प्रश्न हवा: स्लो म्हणजे काय? लॉगिन व्हायला वेळ लागतोय, पान उघडायला लागतोय, की रात्रीचा रिपोर्ट सकाळपर्यंत चालतोय? कधीपासून? काल काही बदललं का? स्लो हा शब्द युजरचा आहे, त्याचं भाषांतर तुम्ही करायचं.

मग मी आकडे देतो. आठ कोरची मशीन, लोड ॲव्हरेज ६०, आणि सीपीयू ९५ टक्के रिकामा. काय चाललंय? लोड म्हणजे सीपीयूवरचा ताण असं पाठ केलेला इथे अडकतो. लिनक्समध्ये लोडच्या आकड्यात सीपीयूसाठी रांगेत उभ्या असलेल्या प्रोसेस मोजतात, आणि त्याबरोबर डी स्टेटमध्ये, म्हणजे डिस्क किंवा तशाच कशाची तरी वाट बघत अडकून पडलेल्याही मोजतात. तेव्हा सीपीयू रिकामा आणि लोड ६० म्हटल्यावर माझं पहिलं बोट एनएफएसकडे (नेटवर्कवरून जोडलेल्या डिस्ककडे) किंवा मेलेल्या डिस्ककडे जातं. पीएसमध्ये स्टेटचा कॉलम बघा, डीएमेसेजने कर्नलचे संदेश बघा. जाता जाता माझा एक सापळाही सांगून ठेवतो: 'मग त्या अडकलेल्या प्रोसेस मारून टाकू या का?' डी स्टेटमधली प्रोसेस सहसा किल मायनस नाइनलाही दाद देत नाही, कारण सिग्नल हाती घ्यायला ती जागीच नसते. एनएफएस सर्व्हर परत आला की पुष्कळदा सगळं आपोआप सुटतं.

मेमरीचं तसंच. 'फ्री कॉलममध्ये २०० एमबीच उरलंय सर, रॅम वाढवायला हवी' असं कुणी म्हणालं की मी पाणी पितो. उरलेली रॅम कर्नल पेज कॅशसाठी वापरतं आणि गरज पडली की सोडून देतं. बघायचा तो अव्हेलेबल कॉलम. आणि ॲप अचानक गायब झालं असेल, स्वतःच्या लॉगमध्ये चकार शब्द नसेल, तर कर्नलच्या लॉगमध्ये मेमरी संपली की प्रोसेस मारणाऱ्या ओओएम किलरने कुणाचा बळी घेतला ते आधी बघायचं.

नेटवर्कचा एक छोटा प्रश्न फार काही सांगून जातो. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट' यांत फरक काय? रिफ्यूज्ड म्हणजे समोरून कुणीतरी नाही म्हणालं. मशीन जिवंत आहे, तिथवर रस्ता आहे, त्या पोर्टवर कुणी ऐकत नाहीये, किंवा फायरवॉल तोंडावर नकार देतेय. टाइम्ड आउट म्हणजे उत्तरच आलं नाही. पॅकेट वाटेत कुणी गिळलं, किंवा पलीकडे कुणी नाहीच. पहिल्यात त्या मशीनवर जाऊन एसएस मायनस टीएलएनपी मारून कुठल्या पोर्टवर कोण ऐकतंय ते बघायचं, दुसऱ्यात वाटेतल्या फायरवॉल आणि सिक्युरिटी ग्रुप बघायचे. तुमच्या मॉनिटरिंगच्या स्क्रीनवर हे दोन्ही एरर दिवसातून पन्नास वेळा येत असतील. उद्यापासून तिकीट सरकवण्याआधी दोन ओळी मनाशी ठरवा: हे कुठलं, आणि म्हणून दोष कुठे असावा. एल-टूने तिकीट बंद करताना काय लिहिलं ते नंतर उघडून बघा. याच्याइतका स्वस्त क्लास पुण्यात कुठे मिळायचा नाही.

दूरच्या मशीनवर शिरायला एसएसएच की टाकली तरी पासवर्ड मागतंय, क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) स्क्रिप्ट चालत नाही पण हाताने चालते, हे दोन प्रश्नही जुनेच. पहिल्यात परमिशन तर सगळेच सांगतात: डॉट एसएसएच डिरेक्टरी ७००, ऑथराइज्ड कीज ६००. पण होम डिरेक्टरीच ग्रुपला रायटेबल असेल तरी एसएसएच डीमन की नाकारतो, हे थोडेच सांगतात. आणि सर्व्हरच्या बाजूचा लॉग बघीन असं त्याहून थोडे. रेड हॅटमध्ये सिक्युअर, डेबियन-उबुंटूत ऑथ लॉग. नाकारण्याचं कारण तिथे सरळ लिहिलेलं असतं. क्रॉनमध्ये पाथ (कमांड शोधायच्या जागांची यादी) तोकडा असतो हे ठाऊक असेलच. टक्क्याच्या चिन्हाचं ठाऊक आहे का? क्रॉनटॅबमध्ये ते नवी ओळ मानलं जातं. म्हणून तारखेच्या नावाने बॅकअप घेणारी ओळ हाताने चालते आणि क्रॉनमध्ये मोडते. आधी बॅकस्लॅश लावावा लागतो.

एसईलिनक्सबद्दल, म्हणजे लिनक्सच्या जादा सुरक्षा-पहाऱ्याबद्दल, एक वाक्य चुकूनही बोलू नका: 'एसईलिनक्स डिसेबल करतो.' अडचण नक्की तिथलीच आहे का हे तपासायला काही मिनिटं परमिसिव्ह करून बघणं निराळं, ते सांगितलंत तर चालेल, त्यामागून ऑडिट लॉग आणि फाइलींची लेबलं पूर्ववत करणारं रिस्टोरकॉनही आलं पाहिजे. कुलूप उघडत नाही म्हणून दार काढून ठेवणारा माणूस कुणालाच नको असतो.

आता 'केलेलं काम रिबूटनंतर टिकेल का' या प्रश्नाबद्दल. रेड हॅटची आरएचसीएसए परीक्षा दिली असेल तर माहीत असेल: तिथे प्रत्यक्ष मशीनवर काम करायचं असतं, ३०० पैकी २१० मार्क लागतात, आणि केलेलं काम रिबूटनंतर टिकलं नसेल तर केलंच नाही असं धरतात. सर्टिफिकेट घ्यायचं की नाही हा तुमच्या खिशाचा प्रश्न, ही सवय मात्र फुकट आहे. सर्व्हिस स्टार्ट केली, इनेबल केली का? फायरवॉलचा नियम घातला, पर्मनंट केला का? एफएसटॅबमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत, ओळ घातली, मग रिबूट होईपर्यंत वाट बघणार? मी विचारतो, 'एफएसटॅबमध्ये डिस्कचा ओळख-क्रमांक, यूयूआयडी, चुकला आणि मशीन रिबूट झाली, काय दिसेल?' मशीन सुरू करणारं सिस्टिमडी त्या डिस्कची दीड मिनिट वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूट पासवर्ड मागतं. तिथून रूट फाइलसिस्टिम रीड-राइट करून ओळ दुरुस्त करायची. मशीन क्लाउडवर असेल आणि कन्सोल नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडायची. पण मला खरं आवडतं ते याच्या आधीचं: 'सर, मी रिबूटच्या आधी माउंट मायनस ए करून बघीन, फाइंडमाउंटने व्हेरिफाय करीन, आणि नसली तरी चालेल अशा डिस्कला नोफेल लावीन.' असं म्हणणाऱ्याच्या भरवशावर झोप लागते.

तुमची सगळ्यात मोठी चूक कुठली, असं विचारतीलच. 'मी फार परफेक्शनिस्ट आहे' छापाचं उत्तर दिलंत तर मी मनातल्या मनात वही मिटतो. खरी चूक सांगा. कशी कळली, कुणाला आणि किती मिनिटांत सांगितली, मग काय बदललं. लाज वाटत असेल तर गिटलॅब या कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीचं आठवा. ३१ जानेवारी २०१७ला त्यांच्या एका इंजिनिअरने दुय्यम डेटाबेस सर्व्हरची डेटा डिरेक्टरी रिकामी करायला घेतली आणि कमांड गेली मुख्य सर्व्हरवर. त्याने लगेच थांबवली, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी अवघे साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले तर नेहमीचा डेटाबेस डंप व्हर्जन न जुळल्याने कित्येक दिवस बनतच नव्हता, आणि तो बनत नाही हे सांगणारे मेलही पोचत नव्हते. वाचवलं ते कुणीतरी भलत्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेल्या एका स्नॅपशॉटने. कंपनीने सगळा वृत्तान्त त्या इंजिनिअरचं नाव न घेता जाहीर छापला. इंटरव्ह्यूच्या आधी तो वाचाच. मी त्यावरून विचारतो, 'तुमच्याकडे बॅकअप आहे हे तुम्हाला कसं माहीत?' याचं एकच उत्तर मला पटतं: अमुक तारखेला रिस्टोअर करून पाहिला.

तुमच्या दोन वर्षांबद्दल. 'मी फक्त तिकीट ढकलतो' असं तुम्ही लिहिलंत, आणि मला शंका आहे की इंटरव्ह्यूतही तुम्ही एक तर असंच पडेल आवाजात सांगता, नाही तर रिझ्युमेत एल-टूचं काम स्वतःच्या नावावर लिहिता. दोन्ही नको. बाजारात खोटा अनुभव विकत मिळतो हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये पीएफच्या नोंदीवरून तो उघडा पडतो, आणि त्याआधीच तिसऱ्या उलटप्रश्नाला पडतो. खरं आहे तेच नीट सांगा. दोन वर्षांत हजारो अलर्ट डोळ्यांखालून गेलेत. कुठला अलर्ट खोटा असतो आणि कुठला जीव घेतो, हे एल-टूच्या माणसापेक्षा तुम्हाला आधी कळतं. असे तीन प्रसंग निवडा. प्रत्येकाचं चार वाक्यांत: काय दिसलं, मी काय तपासलं, पुढे कुणी काय केलं, आणि हक्क असता तर मी काय केलं असतं. तिसऱ्या वाक्यात 'मी' नाही 'टीमने' असेल तर तसंच म्हणा. तो प्रामाणिकपणा लगेच ऐकू येतो.

माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा, पण तिथेच थांबू नका. 'मल्टिपाथवर काम केलेलं नाही. माझ्या समजुतीप्रमाणे एकाच लनकडे जाणाऱ्या दोन वाटा असतात आणि एक तुटली तर दुसरी चालते. बिघाड आला तर मी आधी दोन्ही वाटा जिवंत आहेत का ते बघीन.' एवढं बास आहे. न येणाऱ्या गोष्टीवर दहा मिनिटं पोहत राहणारा माणूस प्रॉडक्शनवरही तसाच पोहतो.

इंग्रजीचं तुम्ही विचारलेलं नाही, पण तिन्ही वेळा दुसऱ्याच राउंडला अडकताय म्हणून सांगतो. पुष्कळ मुलांचं डोकं बरोबर चालतं आणि वाक्य जुळवताना धागा सुटतो. छोटी वाक्यं करा. मशीनसमोर बसलोय असं समजून करतोय तेच बोला: आधी हे बघतो, असं दिसलं तर इकडे, तसं दिसलं तर तिकडे. पुण्यातल्या बऱ्याच इंटरव्ह्यूत मधे हिंदी, अगदी मराठीही चालते, विचारून घ्या. ऑनलाइन असेल तर शेजारच्या खिडकीत एआय उघडून उत्तर वाचू नका. डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना आम्हाला स्वच्छ दिसतात. मग मी स्क्रीन शेअर करायला सांगतो आणि दोघांचाही अर्धा तास वाया जातो.

राहिले पंधरा दिवस. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर व्हर्च्युअलबॉक्सवर दोन-दोन जीबीची दोन मशीन टाका, एक रॉकी किंवा अल्मा (रेड हॅटसारख्याच फुकट डिस्ट्रो), एक उबुंटू. सेंटओएस टाकत बसू नका. सातचा सपोर्ट ३० जून २०२४ला संपला आणि आठचा तर त्याच्याही आधी, ३१ डिसेंबर २०२१ला. मात्र कंपन्यांत सातची मशीन अजून सापडतात, आणि 'ती कुठे आणि कशी हलवाल' हा चालू प्रश्न आहे, त्यावर विचार करून ठेवा.

आता रोज एक मशीन मोडा. शिकायचं म्हणून नवं काही बसवू नका, जे चालतंय तेच मोडा. आज रात्रीचा प्रयोग सांगतो: फॉलोकेटने दोन जीबीची एक फाइल बनवा. एका टर्मिनलमध्ये स्लीप १००० चालवा आणि त्याच्या इनपुटला ती फाइल जोडा. दुसऱ्या टर्मिनलमधून ती फाइल उडवा. डीएफ बघा, डीयू बघा, एलएसओएफ बघा. मग स्लीप मारा आणि पुन्हा डीएफ बघा. उद्या एफएसटॅबमध्ये मुद्दाम चुकीचा यूयूआयडी घालून रिबूट करा. परवा परमिशन बदलणाऱ्या सीएचमॉडचीच एक्झिक्यूट परमिशन काढा आणि ती परत कशी द्यायची ते शोधा. पायथनने होतं, अजूनही दोन-तीन वाटा आहेत, त्या सांगत नाही. रूटचा पासवर्ड विसरल्याचं नाटक करा. एसएसएच डीमनच्या कॉन्फिगमध्ये चूक करा, पण एक सेशन उघडं ठेवून, आणि रीलोडच्या आधी कॉन्फिग तपासणारी एसएसएचडी मायनस टी मारायची सवय लावा. दर वेळी दुरुस्त झाल्यावर काय दिसलं आणि काय केलं ते मोठ्याने बोलून दाखवा, घरात कुणी हसलं तरी.

स्क्रिप्टिंगची धास्ती घेऊ नका. या पातळीला बहुधा एवढंच विचारतात: वेब सर्व्हरच्या लॉगमधून सगळ्यात जास्त हिट देणारे दहा आयपी काढा. ऑक, सॉर्ट, युनिक मायनस सी, पुन्हा सॉर्ट, हेड. युनिकच्या आधी सॉर्ट का, याचं उत्तर तयार असू द्या: युनिकला लागोपाठच्या सारख्या ओळीच कळतात.

शेवटी ते विचारतील, तुम्हाला काही विचारायचंय? 'नाही सर' म्हणू नका. ऑन-कॉल किती जणांत वाटून आहे ते विचारा. रात्री कॉल आला तर दुसऱ्या दिवशी उशिरा येता येतं का ते विचारा. बॅकअप शेवटचा कधी रिस्टोअर करून पाहिला, हे त्यांनाही विचारा. समोरचे दोघे एकमेकांकडे बघायला लागले, तर नोकरी घेण्याआधी त्या रात्रपाळीत तुम्ही एकटेच असणार आहात का तेवढं नक्की विचारून घ्या.